विषाचीं नांवें

ठाणें आणि बेलापूर यांना जोडणाऱ्या रस्त्यावर रबाळे हें गांव आहे. पूर्वेस पारसिकाच्या डोंगराची रांग व पश्चिमेस ठाण्याची खाडी, अशा या चिंचोळ्या पट्टींत पूर्वीं आगरी व कोळी लोकांची वस्ती, भाताचीं खाचरें आणि मिठागरें होतीं. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि त्यानंतर या पट्टींत जो विस्तीर्ण औद्योगिक प्रदेश उभा राहिला, त्यांत रबाळे गांवाचाहि समावेश झाला. भातशेती मागें पडली, रासायनिक कारखाने आले. आणि कारखान्यांबरोबर या किनाऱ्यानें पूर्वीं कधीं न ऐकलेले शब्दहि आले.

या रस्त्यानें जाणाऱ्या एखाद्या टँकरच्या पाठीवरील फलक पाहावा. त्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो; पदार्थ विषारी असल्यास त्या चौकोनांत मनुष्याची कवटी आणि आडवीं-तिडवीं हाडें काढलेलीं असतात. जवळच चार आंकडी संख्या असते. ती १०१७ असेल तर आंत क्लोरिन वायु आहे, १००५ असेल तर अमोनिया आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनें ठरविलेले हे क्रमांक जगांत सर्वत्र एकच अर्थ सांगतात, आणि भारतांत १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं असा फलक लावणें बंधनकारक केलें. अपघात झालाच, तर त्या एका आंकड्यावरून पाणी मारावें कीं नाहीं, लोकांना किती दूर न्यावें, हें अग्निशामक दलाला ठरवितां येतें. ज्या पदार्थाशीं गांठ पडली त्याचें नेमकें नांव कळणें हा बचावाचा पहिला उपाय होय.

त्याच रस्त्याकडेच्या घरांत शिरून पाहिलें तर मात्र निराळाच प्रकार आढळतो. फडताळांत झुरळांचें औषध असतें, माळ्यावर उंदरांचें औषध असतें, पलंगाच्या फटींत मारण्यासाठीं ढेंकणांचें औषध आणलेलें असतें. विदर्भांतील शेतकरी कपाशीवर जें फवारतो तेंहि औषधच. मारक पदार्थाला तारक नांव देण्याची ही चाल कोठून आली आणि तिची किंमत काय पडते, याचा विचार सुशिक्षित घरांनीं अवश्य करावा.

मराठींत विषाला शब्दांची वाण नाहीं. मूळ संस्कृत 'विष' हा शब्द खेडोपाडीं 'विख' किंवा 'इख' झाला. 'विखार' आणि 'विखारी' हे त्याच कुळांतील. 'जहर' फारसींतून आलें आणि इतकें घरचें झालें कीं 'जहरी' टीका करितांना कोणास त्याच्या परकेपणाची आठवण होत नाहीं. 'गरळ' आतां बहुधा ओकण्यापुरतें उरलें आहे. 'हलाहल' व 'कालकूट' हीं समुद्रमंथनाच्या कथेनें घरोघर पोंचविलेलीं नांवें. 'जालीम' हा शब्द तर मोठा गमतीचा आहे. अरबींत त्याचा अर्थ जुलूम करणारा. मराठींत तो विषालाहि लागतो आणि उपायालाहि. जालीम विष म्हटलें कीं अंगावर कांटा येतो, आणि जालीम औषध म्हटलें कीं रोग्याला धीर येतो.

हे सर्व शब्द विषाचा गुण सांगतात. अमुक एक वस्तु दाखवीत नाहींत. वस्तूचीं नांवें काष्ठौषधींच्या दुकानांत ठरत असत, आणि तीं फार काटेकोर होतीं. सोमल, हरताळ आणि मनशीळ हे तिन्ही आर्सेनिकचे प्रकार, परंतु एक पांढरा, दुसरा पिवळा व तिसरा तांबडा. म्हणून तिघांना तीन नांवें. हिंगूळ आणि रसकापूर हीं पाऱ्याचीं संयुगें. तांब्यापासून होणाऱ्या निळ्या मोरचुदाला संस्कृतांत 'शिखिग्रीव', म्हणजे मोराच्या मानेसारखें, असें म्हटलें आहे. 'बचनाग' ही एका वनस्पतीची विषारी मुळी. तिचें संस्कृत नांव 'वत्सनाभ', वासराच्या बेंबीसारख्या आकारामुळें पडलेलें. लोकांच्या तोंडीं वत्सनाभाचा बचनाग झाला आणि बेंबीच्या जागीं नाग येऊन बसला. व्युत्पत्तीच्या दृष्टीनें ही चूक खरी, पण सावधगिरीच्या दृष्टीनें चांगली. कारण नाग म्हटल्यावर मुलेंहि हात मागें घेतात.

आयुर्वेदानें या विषयाला आपल्या आठ अंगांपैकीं एक स्वतंत्र अंग दिलें आहे. त्याचें नांव अगदतंत्र. 'गद' म्हणजे रोग, आणि तो घालविणारें तें 'अगद'. या शास्त्रानें विषाचे स्थावर व जंगम असे मुख्य भेद केले. वनस्पति व खनिजें यांचें विष तें स्थावर, सर्प-विंचू इत्यादि प्राण्यांचें विष तें जंगम. पदार्थांच्या संयोगानें तयार होणाऱ्या विषाला 'गर' म्हटलें. याखेरीज 'दूषीविष' अशी एक संज्ञा आहे. जें विष एकदम मारीत नाहीं, शरीरांत दबून राहतें आणि कालांतरानें प्रकृति बिघडवितें, तें दूषीविष. या जुन्या शब्दाची गरज विसाव्या शतकानें किती वाढविली, हें पुढें दिसून येईल.

औषध आणि विष यांची सरमिसळ मात्र केवळ मराठीपुरती नाहीं. प्राचीन ग्रीक भाषेंत 'फार्माकॉन' या एकाच शब्दाचे औषध व विष असे दोन्ही अर्थ होत. इंग्रजींतील 'पॉयझन' हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ नुसता 'पेय' एवढाच. जर्मन भाषेंत विषाला 'गिफ्ट' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ 'दिलेली वस्तु'. लॅटिनमध्यें 'विरुस' म्हणजे विष, आणि भाषाशास्त्र सांगतें कीं हा शब्द व संस्कृत 'विष' हे एकाच प्राचीन मुळाचे फांटे आहेत. 'व्हायरस' या शब्दासाठीं मराठीनें 'विषाणु' हा शब्द पत्करला, तेव्हां दूर देशीं गेलेल्या भावंडांची अशी पुन्हा भेट झाली.

या सरमिसळीच्या मुळाशीं एक खरी गोष्ट आहे. चरकसंहितेंत अशा अर्थाचें वचन आहे कीं तीव्र विषहि युक्तीनें वापरल्यास उत्तम औषध होतें, आणि औषधहि अयुक्त रीतीनें घेतल्यास विष होतें. सोळाव्या शतकांत युरोपांतील वैद्य पॅरासेल्सस यानेंहि असेंच प्रतिपादन केलें कीं पदार्थ विष ठरतो तो त्याच्या प्रमाणामुळें. मराठींतील 'मात्रा' हा शब्द हेंच सांगतो. मात्रा म्हणजे प्रमाण आणि मात्रा म्हणजे वैद्यानें उगाळून दिलेलें औषधहि. म्हणून ज्याच्यापुढें कांहीं चालत नाहीं त्याच्यावर 'मात्रा लागू पडत नाहीं' असें म्हणतात.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेतकऱ्यापाशीं जीं विषें होतीं तीं बहुतेक ओळखीचीं होतीं. मोरचूद आणि चुना यांचें पाणी, ज्याला फ्रान्समधील बोर्डो या प्रांताच्या नांवावरून बोर्डो मिश्रण म्हणतात, नाशिकच्या द्राक्षांवर आणि कोंकणांतील सुपारीवर मारीत. धान्यांत कडुनिंबाचा पाला ठेवीत. १९३९ सालीं स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ पॉल म्यूलर याला डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण सांपडला, आणि त्याबद्दल १९४८ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. त्यानंतर नव्या पदार्थांचा पूर लोटला. त्यांचीं रासायनिक नांवें उच्चारण्यास कठीण होतीं, म्हणून व्यापारी नांवेंच भाषेंत रूढ झालीं. गॅमेक्सिन, एन्ड्रिन, फॉलिडॉल, रोगर हे शब्द खेड्यांतील माणसाच्या तोंडीं बसले. सोमल म्हटल्यावर जी भीति वाटे ती या नव्या नांवांनीं वाटेना, कारण त्यांच्यामागें पिढ्यांचा अनुभव नव्हता.

विद्वानांनीं यासाठीं 'नाशक' हा प्रत्ययासारखा शब्द योजिला. कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक, मूषकनाशक, जंतुनाशक असे शब्द त्यांतून झाले. शब्द सुटसुटीत आहेत आणि ते टिकले. तरीहि त्यांत एक उणीव आहे. कोणाचा नाश करावयाचा एवढें ते सांगतात. आणखी कोणाचा नाश होऊं शकतो, हें ते सांगत नाहींत. 'कीटकनाशक' ऐकणाऱ्याला साहजिकच वाटतें कीं हें विष किड्यासाठीं आहे, मनुष्यासाठीं नाहीं.

शरीरशास्त्र हा समज खोटा ठरवितें. फॉलिडॉल म्हणजे पॅराथिऑन. हें ऑरगॅनोफॉस्फेट नांवाच्या वर्गांतील आहे. ज्ञानतंतूकडून स्नायूकडे किंवा ग्रंथीकडे निरोप जातो तो ॲसिटिलकोलिन या द्रव्याच्या द्वारें. निरोप पोंचला कीं एक विकर त्या द्रव्याचें विघटन करितें आणि स्नायु मोकळा होतो. या वर्गांतील विषें त्या विकरालाच निकामी करितात. मग निरोप थांबतच नाहीं. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी वाहतें, घाम फुटतो, बाहुल्या टांचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातींत स्राव भरतो आणि अखेर श्वास बंद पडतो. किड्याच्या अंगांत चालणारी हीच यंत्रणा मनुष्याच्या अंगांतहि चालते. विष तोंडावाटेच जावें लागतें असेंहि नाहीं. तें कातडींतून भिनतें आणि श्वासावाटेहि जातें.

अशा विषावर रुग्णालयांत मुख्यतः ॲट्रोपिन टोंचतात. ॲट्रोपिन हें धोतऱ्याच्या कुळांतील वनस्पतींत असणारें द्रव्य असून स्वतः विषारी आहे. विषाला विष हाच उतारा, ही जुनी म्हण येथें अक्षरशः खरी ठरते. मात्र ती खरी ठरते ती वैद्याच्या हातीं, मिनिटामिनिटाला नाडी पाहून मात्रा ठरविणाऱ्याच्या हातीं. घरीं धोतऱ्याचा प्रयोग करणें म्हणजे एका विषबाधेची दुसरी विषबाधा करणें होय.

नांव न कळण्याची किंमत या देशानें १९५८ सालीं मोजली. मुंबईहून कोचीनकडे जाणाऱ्या जहाजांत गव्हाच्या पिठाचीं पोतीं आणि फॉलिडॉल यांची एकत्र वाहतूक झाली. विष गळलें आणि पिठांत मिसळलें. त्या पिठाचे पदार्थ खाऊन केरळ व मद्रास राज्यांत शंभराहून अधिक माणसें दगावलीं. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति जे. सी. शहा यांच्या आयोगानें या प्रकरणाची चौकशी केली, आणि पुढें १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे त्याखालील नियम झाले.

या नियमांनीं डब्यावरील चिठ्ठीला एक भाषा दिली. चिठ्ठीवरील चौकोनाच्या खालच्या त्रिकोणांत रंग भरावयाचा. प्रयोगांतील निम्मे प्राणी जेवढ्या मात्रेनें मरतात ती मात्रा, शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागें मिलिग्रॅममध्यें मोजून, हे रंग ठरविले. पोटांत गेल्यास ती मात्रा ५० पर्यंत असेल तर तांबडा, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा, आणि त्याहून अधिक असेल तर हिरवा. तांबड्यावर कवटी व हाडें आणि 'विष' हा शब्द, पिवळ्यावरहि 'विष', निळ्यावर 'धोका', हिरव्यावर 'सावधान', असा त्या इशाऱ्यांचा आशय आहे.

येथें रंगांचा रूढ अर्थ आड येतो. रस्त्यावरील दिव्यांत हिरवा म्हणजे खुशाल पुढें जावें, आणि आपल्याकडे हिरवा रंग पिकाचा, समृद्धीचा. डब्यावरील हिरवा मात्र 'निर्धोक' असें म्हणत नाहीं. तो 'सावधान' एवढेंच म्हणतो. दुसरें असें कीं हे रंग एकाच वेळीं पोटांत गेलेल्या मात्रेवरून ठरलेले आहेत. वर्षानुवर्षें थोडें थोडें अंगांत जाणाऱ्या विषाची कथा त्यांत नाहीं. डी.डी.टी. तत्काळ मारण्याच्या दृष्टीनें फार उग्र नव्हे. परंतु तें चरबींत साठतें, मातींत वर्षानुवर्षें टिकतें, आणि लहान जिवापासून मोठ्या जिवाकडे जातांना वाढत जातें. भारतानें १९८९ सालीं शेतींतील त्याचा वापर बंद केला. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं बंदी घातली. अशा पदार्थांना एका शब्दांत काय म्हणावें, असा प्रश्न पडल्यास अगदतंत्रांतील 'दूषीविष' हा शब्द तयार आहे.

चिठ्ठीची भाषा अशी ठरली, पण घरांतील व बांधावरील भाषा बदलली नाहीं. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करितांना शेंकडों शेतकरी व शेतमजूर विषबाधेनें आजारी पडले आणि वीसहून अधिक जण दगावले. या आपत्तीचीं कारणें अनेक होतीं: उंच वाढलेली कपाशी, दमट व उष्ण हवा, निरनिराळीं विषें एकत्र कालविण्याची रीत, संरक्षक कपड्यांचा अभाव. या कारणांच्या मागें एक शब्दहि उभा होता. औषध म्हटल्यावर थोड्यानें गुण न आल्यास अधिक घ्यावें, एकानें न भागल्यास दोन मिसळावीं, असें सहज मनांत येतें. औषध हातानें ढवळण्यांत कोणास भय वाटत नाहीं. औषधाची रिकामी बाटली धुऊन वापरण्यांतहि कांहीं वावगें दिसत नाहीं. विष म्हटलें असतें तर हीं कामें करितांना हात थबकला असता. विषाची परीक्षा पाहूं नये, हें मराठी माणसाला कोणीं शिकवावें लागत नाहीं. परंतु औषधाची परीक्षा तो रोज पाहतो.

शहरांतील घरांनीं ही गोष्ट दूरची समजूं नये. कपड्यांत ठेवावयाच्या नॅफ्थॅलीनच्या गोळ्यांना 'डांबराच्या गोळ्या' म्हणतात, आणि त्या दिसतात पेपरमिंटसारख्या. कांहीं मुलांच्या रक्तांत एका विकराची जन्मजात उणीव असते. अशा मुलाच्या पोटांत एखादी गोळी गेली तरी तांबड्या पेशी फुटूं लागतात. झुरळांसाठीं ओढावयाचा खडू शाळेंतल्या खडूसारखाच असतो. धान्याच्या कोठारांत वापरावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ओलावा लागतांच फॉस्फिन हा प्राणघातक वायु सोडतात. राहत्या घरांत ठेवण्याजोगी ती वस्तुच नव्हे. परंतु 'धान्यांतली गोळी' या सौम्य नांवाखालीं पाऱ्याची गोळी, बोरिक पावडरीची पुडी आणि हें भयंकर द्रव्य एकाच पंक्तीला बसतात. फरशी धुण्याचें ॲसिड सरबताच्या जुन्या बाटलींत भरून ठेवणें हाहि नांव पुसून टाकण्याचाच प्रकार आहे.

कारखान्याच्या परिसरांतहि शब्दांचा नेमकेपणा जीव वांचवितो. १९८४ च्या डिसेंबरांत, २ व ३ तारखांच्या मधल्या रात्रीं, भोपाळ येथें मिथाइल आयसोसायनेट हा वायु सुटला. कार्बारिल नांवाचें कीटकनाशक करण्यासाठीं तो साठविलेला होता. हजारों माणसें मेलीं. त्या रात्रीं रुग्णालयांत लोटलेल्या गर्दीवर काय उपचार करावा याची पुरेशी माहिती डॉक्टरांपाशीं नव्हती. 'वायु गळला' एवढाच शब्द सर्वांच्या तोंडीं होता. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला, आणि १९८९ च्या नियमांनीं घातक रसायनें हाताळणाऱ्यांवर माहितीपत्रक ठेवण्याचें व आजूबाजूच्या लोकांना धोक्याची कल्पना देण्याचें बंधन घातलें. सरकारी मराठींत यासाठीं 'घातक', 'धोकादायक', 'विषारी', 'हानिकारक' हे शब्द येतात. ते एकमेकांच्या जागीं वापरूं नयेत. पेट्रोल घातक आहे तें मुख्यतः पेट घेतें म्हणून; क्लोरिन घातक आहे तो श्वास कोंडतो म्हणून. एकापासून ठिणगी दूर ठेवावयाची, दुसऱ्यापासून वाऱ्याच्या आडव्या दिशेनें माणसें दूर न्यावयाचीं. दोघांवर नुसतें 'धोकादायक' लिहिल्यानें पळणाऱ्याला दिशा कळत नाहीं.

यावरून घरोघर करण्यासारख्या कांहीं साध्या गोष्टी निघतात. किड्यामुंग्यांच्या नाशासाठीं आणलेल्या पदार्थाला मुलांदेखत विष म्हणावें, आणि तो खऱ्या औषधांच्या पेटीपासून दूर, कुलपांत ठेवावा. तो मूळच्या डब्यांतून दुसऱ्या भांड्यांत काढूं नये. कारण चिठ्ठी गेली कीं नांव गेलें. विषबाधेची शंका येतांच रोग्याला ओकारी काढण्याच्या भरीस न पडतां रुग्णालयांत न्यावें, आणि बरोबर तो डबा किंवा चिठ्ठी न्यावी. ज्या डॉक्टराला 'यानें झुरळांचें औषध घेतलें' एवढेंच सांगितलें जातें, त्याला लक्षणांवरून अंदाज बांधीत बसावें लागतें; ज्याला पदार्थाचें नांव कळतें, तो त्याच क्षणीं योग्य उतारा हातीं घेतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील राष्ट्रीय विष माहिती केंद्रासारखीं केंद्रेंहि प्रथम हाच प्रश्न विचारतात कीं पोटांत काय गेलें.

मराठीला नवे शब्द घडवावयाचे आहेतच, आणि परिभाषेचे कोश तें काम करीत आहेत. तूर्त अधिक निकडीचें काम जुन्याच शब्दाचें आहे. 'विष' हा शब्द दोन अक्षरांचा आहे, खेड्यांत 'इख' म्हणून आणि शहरांत 'जहर' म्हणून तो सर्वांना समजतो, आणि तो ऐकून लहान मूलहि सावध होतें. दुकानदारानें डबा हातीं देतांना, शेतमालकानें मजुराच्या पाठीवर पंप चढवितांना, आणि गृहिणीनें कामाला येणाऱ्या बाईला फडताळ दाखवितांना हाच शब्द उच्चारावा.